ओजीचे कोल्हे: हिरोशिगेचं चित्र बघून निघणाऱ्यांसाठी

झाड नाहीये. जपानी चित्रकार हिरोशिगेने टोकियोच्या ओजी भागातलं जे झाड चितारलं, ते. हे आधीच सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट 'त्याच झाडाखाली उभे राहा' असं छातीठोकपणे सांगणारा व्हिडिओ बघून गेलो होतो.

हिरोशिगेच्या 1857 सालच्या, लाकडी ठशाने छापलेल्या चित्रात वर्षअखेरची काळोखी रात्र आहे. उघड्या शेतात एनोकीचं भलंमोठं झाड, खाली जमलेले कोल्हे, प्रत्येकाच्या तोंडाशी इवलासा जाळ. कान्तोतले, म्हणजे टोकियोच्या आसपासच्या प्रदेशातले, कोल्हे इथे पोशाख बदलून ओजी इनारी या भाताच्या देवतेच्या देवळात दर्शनाला जातात अशी समजूत होती. जाळ मोजून शेतकरी पुढच्या भाताचा अंदाज बांधायचे. ते झाड 1929 मध्ये रस्तारुंदीत गेलं. आता जवळच शोझोकु इनारी हे घरांच्या दाटीतलं चिमुकलं देऊळ आहे. पाच मिनिटं पुरे.

ओजी इनारीला मात्र जाच. आवारात बालवाडी भरते, म्हणून आठवड्यातल्या कामाच्या दिवशी समोरचं फाटक बंद. बाजूच्या चढावरून वर जा. लाल लाळेरं बांधलेले दगडी कोल्हे बघून तिथेच थांबू नका. मागच्या अरुंद दगडी पायऱ्या चढलात की नवसाचा दगड आहे. उचलताना हलका लागला तर इच्छा पुरी होणार म्हणे. मला जड लागला, पण तोवर पाय कामातून गेले होते.

31 डिसेंबरच्या रात्री कोल्ह्यांचे मुखवटे घालून मिरवणूक निघते, 1993 पासून. उशिरा पोचलात तर फक्त पाठी दिसतील. थंडी हाडात शिरते. तरी कंदिलांची रांग वळणावर आली आणि मी शिव्या द्यायचा थांबलो.

आता खरी चीड. एका दुकानात याच चित्राचे 12 हजार येन मागितले, 'हाताने छापलेलं' म्हणून. भिंग लावलं तर बारीक ठिपके, म्हणजे यंत्रावरची छपाई. लाकडी ठशात सलग रंग असतो आणि कागदाच्या पाठीमागे तो झिरपलेला दिसतो. पाठ बघू देत नसतील तर उठून चालू लागा. हाताने छापलेली आजची प्रत घ्यायला हरकत नाही, फक्त ती जुनी म्हणून घेऊ नका.

अस्सल छाप बघायची तर टोकियोतल्याच हाराजुकू भागातलं ओता संग्रहालय. उजेडाने रंग उडतात म्हणून तिथे चित्रं बदलत राहतात, आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये दार बंद असतं. तारखा बघूनच निघा.