चोवीस फुटांची सुतळी

बाईंनी पिशवीतून सुतळीचं भेंडोळं काढलं तेव्हा आम्हाला वाटलं, आज उड्या मारायच्या. १९८२ सालचा पावसाळा नुकताच सरला होता. मी चौथीत होते. पटांगणातला कोबा अजून ओलसर होता आणि त्यावर बाईंनी खडूने फूटफूटभराचे चौकोन आखून ठेवले होते, बारा आडवे, बारा उभे. सकाळी शाळा भरायच्या आधी येऊन त्यांनी ते एकटीने आखले असणार. पट्टी लावून, वाकून, एकशे चव्वेचाळीस चौकोन. हे कष्ट मला तेव्हा दिसले नाहीत. आज मी रोज नकाशांच्या रेघा ओढायचंच काम करते, म्हणून आता दिसतात.

सुतळी चोवीस फुटांची होती. दर फुटावर एक गाठ, दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली. चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून बाईंनी तिचा लांबुळका पट्टा केला, अकरा चौकोन लांब आणि एक रुंद. मग म्हणाल्या, "एका चौकोनात एक जण. शिरा आत." अकरा जण शिरले. नळावर हंडे लावावेत तशी रांग. बाकीचे बाहेर.

"आता मी विटा हलवणार. सुतळी हीच, कमी नाही की जास्त नाही. मग आत मुलं किती मावतील?"

आम्ही त्रेचाळीस जण एका सुरात ओरडलो, "अकराच!"

बाईंनी विटा सरकवल्या. दहा बाय दोन. वीस जण आत गेले. नऊ बाय तीन, सत्तावीस. आठ बाय चारला बत्तीस, सात बाय पाचला पस्तीस. दर वेळी बाहेरची मुलं धावत आत घुसायची आणि आतली त्यांना हाताला धरून ओढून घ्यायची. सहा बाय सहाला छत्तीस झाले आणि सात जण उरले. त्या सातांत मी होते. माझा चेहरा पडलेला बघून बाई म्हणाल्या, "थांब, तुलाही आणते." त्यांनी विटा काढून टाकल्या आणि कडेच्या मुलांना सांगितलं, सुतळी हातात धरा, मागे सरका, गोल करा. गोल झाला. आम्ही साती जण आत गेलो. अख्खा वर्ग त्या सुतळीत मावला.

पुढे आयटीआयला गेल्यावर मी एका संध्याकाळी हा हिशोब कागदावर मांडला. चोवीस फूट परिघाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ पावणेसेहेचाळीस चौरस फुटांच्या किंचित वर येतं. त्रेचाळीस मुलं मावणारच होती. बाईंना हे आधीच ठाऊक होतं आणि त्यांनी गोल शेवटासाठी राखून ठेवला होता.

सुतळीच्या त्याच तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, सुतळी पार चपटी केली तर?" आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनच विटा ठेवून सुतळी ताणली. बारा फूट लांब, मध्ये जागाच नाही. "आता कोण मावेल?" कोणीच नाही. तीच चोवीस फुटांची सुतळी. बाईंनी त्या मुलासाठी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. परिमिती आणि क्षेत्रफळ यांत मोठ्यांचाही गोंधळ होतो, कुंपण मोठं म्हणजे जमीन मोठी असं शिकलेली माणसंही मला समोर बसून सांगतात. आमच्या वर्गाचा तो गोंधळ त्या दिवशी कायमचा मिटला, आणि तोवर 'क्षेत्रफळ' हा शब्द बाईंनी उच्चारलासुद्धा नव्हता.

सुतळीनंतरच्या आठवड्यात फासे आले. ते वर्ष संपाचं. १८ जानेवारीला मुंबईतल्या कापडगिरण्या बंद झाल्या होत्या आणि वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांत पगार येत नव्हता. चौकटीची वही आणा, असं बाई कुणालाही म्हणाल्या नाहीत. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी स्वतः वीस बाय वीस घरं आखून आणली, दोघांत एक कागद. सापशिडीचे दोन फासे, दोन रंगीत खडू. चार आणि सहा पडले की चार बाय सहाची खोली रंगवायची आणि आत घरं किती ते लिहायचं. मावली नाही तर डाव गेला. ज्याची जागा जास्त, तो जिंकला.

पहिल्या दिवशी आम्ही एकेक घर बोट ठेवून मोजत होतो. मोजता मोजता मधली सुट्टी व्हायची. तिसऱ्या दिवशी माझ्या जोडीची मुलगी वैतागून म्हणाली, "अगं, चार रांगा आहेत ना, एकेकीत सहा. सहा चोक चोवीस, मोजत काय बसलीस?" शेजारच्या जोडीने ते ऐकलं आणि तास संपेपर्यंत सगळा वर्ग पाढे म्हणत रंगवत होता. कागद भरत आला की मोठ्या खोल्या मावेनात. तेव्हा बाईंनी नवा नियम काढला: खोलीचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी रंगवले तरी चालेल, फक्त घरांची बेरीज तेवढीच भरली पाहिजे. चार बाय सहा बसत नसेल, तर चार बाय तीन इथे आणि चार बाय तीन तिथे. वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे पाडून क्षेत्रफळ काढायचं असतं हे पुढे पुस्तकात आलं, तेव्हा आम्ही ते करून बसलो होतो.

'लांबी गुणिले रुंदी' बाईंनी फळ्यावर लिहिलं ते या सगळ्यानंतर, एका ओळीत. त्यावर पाच मिनिटंही गेली नसतील. सूत्र आधी देऊन मग उदाहरणं सोडवून घेणारे शिक्षक मला नंतर भेटले, चांगले होते, पण त्यांच्याकडे शिकलेलं मला परीक्षेपुरतंच पुरलं.

पोस्टकार्डाचा खेळ छोटा होता. चौदा सेंटीमीटर लांब, नऊ रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापायचं आणि एक त्रिकोण अर्धा फिरवून दुसऱ्यावर ठेवायचा. तंतोतंत बसतो. त्रिकोण ६३. तळहाताचंही केलं. कागदावर हात ठेवून कड गिरवायची, पूर्ण घरं मोजायची, अर्ध्याहून जास्त भरलेलं घर एक धरायचं, कमी भरलेलं सोडायचं. कुणाचा हात मोठा यावरून मारामारीची वेळ आली होती.

पण सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते घरच्या खोलीवर. "आपापली खोली मोजून आणा," बाई म्हणाल्या. आम्ही बरेच जण डिलाईल रोडच्या, सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींत राहणारे. बत्तीस चाळी, प्रत्येक चाळीत ऐंशी खोल्या, सगळ्या एका मापाच्या. त्यामुळे उत्तर सगळ्यांचं एकच यायला हवं होतं.

माझे बाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काम करायचे. त्या वर्षी ते दिवसभर घरी असत आणि फारसं बोलत नसत. मी शिंपीकाकांकडून टेप मागून आणली, तेव्हा ते आपणहून उठले. टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं. कॉट सरकवली, ट्रंका ओढल्या. मला म्हणाले, "आम्ही कापड असंच धरतो बघ. लांबी आणि पन्हा. नुसत्या लांबीवरून कापड किती ते कळत नाही." गिरणीबद्दल ते माझ्याशी बोलले ते त्या महिन्यांत पहिल्यांदा. माझ्यासाठी 'रुंदी' हा शब्द आजही आधी 'पन्हा' असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तरांचा बाजार भरला. कुणाचं १४८, कुणाचं १६०, एकाचं तर १९०. बाईंनी एकालाही चूक म्हटलं नाही. कुणी काय मोजलं ते विचारलं. १४८ वाल्याने मोरी सोडली होती. १९० वाल्याने माळाही धरला होता. एकीने भिंतीची जाडी धरली होती. बाई म्हणाल्या, "मोरीत उभं राहता येतं ना? मग मोरी धरायची. माळा तुझ्या त्याच जमिनीच्या वर आहे, ती जमीन दोनदा कशी मोजशील? आणि भिंतीत कुणी झोपतं का?" शेवटी १६० वर सगळ्यांचं जमलं. चाळीतल्या कागदोपत्रीही १६० चौरस फूटच आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यात, चटईक्षेत्राची व्याख्या वाचताना, बाहेरच्या भिंती वगळून वापरण्याजोगी जमीन, असं आलं आणि मला थेट तो तास आठवला. आमच्या कार्यालयात नवीन येणाऱ्या मुलांना मी भिंतीत झोपायचा प्रश्न विचारते.

चाळींच्या पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फूट मिळणार असं ठरलं, तेव्हा आमच्या मजल्यावर तो आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, पण तो केवढा ते कुणाला दिसत नव्हतं. मी सासरहून गेले होते. एका रविवारी चाळीपुढच्या मोकळ्या जागेत मी खडू, टेप आणि सुतळी घेऊन उतरले. आधी सोळा बाय दहा आखलं. त्याला लागून पंचवीस बाय वीस. आणि पलीकडे पन्नास बाय दहा. "ही दोन्ही घरं पाचशेचीच," मी सांगितलं, "पण ह्याच्या भिंती नव्वद फूट आणि ह्याच्या एकशे वीस. ह्या लांबुळक्या घरात मधल्या खोलीला उजेड कुठून येणार? म्हणून आकडा ऐकून थांबू नका, नकाशा मागा."

माणसं चपला काढून खडूच्या घरात शिरली. चपला काढा असं मी सांगितलं नव्हतं. तळमजल्यावरच्या काकू, वय ऐंशीच्या पुढे, पंचवीस बाय वीसच्या कडेकडेने भिंतीला हात लावल्यासारख्या एक फेरी चालल्या, मग मधोमध थांबल्या.

"मोरी कुठे गं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या हातात खडू दिला.