सूर कुठे थांबतो

सोमवार, फोंडा

जॅझ धाटणीचा बेस गिटार आज विकला. म्हापशाहून कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला होता. बराच वेळ बसून वाजवलं, पैसे दिले आणि पिशवी पाठीला लावून भर पावसात निघून गेला. त्याच्या हातात तो बेस शोभत होता. नटपाशी, म्हणजे तारा जिथून सुरू होतात त्या पट्टीपाशी, जेमतेम ३८ मिलिमीटर रुंदीची नेक (गिटारची मान), बारीक बोटांना तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. मी वाजवत होतो तेव्हा मलाही ती आवडायचीच.

बाबा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "आता कुठला आणतोस रे?" त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. देवळातल्या भजनाला ते एकाच पेटीवर आयुष्यभर साथ करत आले आहेत, त्यामुळे माझं हे सतत वाद्य बदलणं त्यांना खरंच समजून घ्यायचं असतं. मी म्हटलं, "अजून ठरलं नाही, बाबा." उत्तर अपुरं होतं, म्हणून आज लिहायला बसलोय.

सुरुवात केली ती प्रिसिजन या बेसच्या धाटणीच्या एका जुन्या बेसवर. लिओ फेंडरने मूळ प्रिसिजन १९५१ साली बाजारात आणला. त्याआधी बँडमध्ये खालचे सूर सांभाळायचा तो उभा डबल बेस. तो न्यायला-आणायला अवघड, ट्रम्पेट आणि ड्रम्सपुढे त्याचा आवाज दबायचा, आणि फ्रेट (नेकवर सुरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नसल्यामुळे सूर कानाने शोधावा लागायचा. फेंडरने फ्रेट बसवले, सूर नेमका लागू लागला, त्यावरूनच प्रिसिजन हे नाव पडलं. आज बहुतेक बेस ज्या ३४ इंची स्केलचे, म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या लांबीचे, असतात, ती लांबीही तिथूनच रूढ झाली. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की नेक रुंद आहे आणि पहिल्या फ्रेटवर करंगळी पोचत नाही.

मग बॅटरीवर चालणारा एक ॲक्टिव्ह बेस आला. खोलीत बसून वाजवताना त्याचा सूर इतका स्वच्छ आणि टोकदार यायचा की सोडवत नसे. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र सगळं बदलायचं. मोकळ्या ई तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, म्हणजे हवेतली त्याची लाट आठ मीटरहून लांब. आपल्याकडचे हॉल सिमेंटचे, भिंती उघड्या. ती लाट भिंतींवर आपटून तिथेच घुमत राहते. जेवणाच्या टेबलांपाशी बेस गडगडतो आणि स्टेजवर मला माझाच सूर ऐकू येत नाही. तोच बेस, तीच सेटिंग घेऊन किनाऱ्यावर उघड्यावर वाजवलं की सूर वाळूत मुरल्यासारखा. पाच तारांचाही वाजवून पाहिला. त्याची बी तार ३१ हर्ट्झवर. लग्नाच्या साउंड सिस्टीममधून तो सूर धड बाहेरच येत नाही, ऐकू येतात ते त्याच्या वरचे स्वर.

फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. तो मी नाट्यगीतांच्या कार्यक्रमांसाठी घेतला होता. फोंडा तालुक्यात वाढलेल्या माणसाच्या कानात नाट्यसंगीत असतंच, मंगेशी इथून हाकेच्या अंतरावर. गायक वरच्या षड्जावरून मींडेने खाली उतरतो आणि बेसही त्याच्याबरोबर घसरत येतो, त्या क्षणी अंगावर काटा येतो. फ्रेटच्या बेसवर हे होत नाही. फ्रेटलेस दिला तेव्हा वाईट वाटलं, पण रिसेप्शनच्या अंधाऱ्या स्टेजवर, दाटीवाटीने उभं राहून, कीबोर्डशी तंतोतंत सुरात राहायचं तर तो पुरा पडत नाही. एक दिवस पुन्हा घेईन, फक्त नाट्यगीतांसाठी.

बुधवार

घरातल्या जुन्या बेसची नेक पुन्हा हलली आहे. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत लाकूड पाणी पितं, आणि महिन्यापूर्वी नीट लावलेली ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदलते. ॲलन कीने ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली तिचा बाक सांभाळणारी सळई, पाव फेरा फिरवला आणि थांबलो. एकदम जास्त फिरवू नये, लाकडाला बसायला रात्रभर वेळ द्यावा. तारांवरही खारा गंज धरलाय. इथे बेस विकत घ्यायचा तर तो जून ते सप्टेंबर या दिवसांतच बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबरात सगळेच बेस चांगले वाजतात.

शनिवार, रात्री

आज वाड्यावर चवथीच्या आरत्यांची तालीम होती. मी बेस न घेता नुसता ऐकायला गेलो आणि इतकी वर्षं जे शोधतोय ते तिथे सापडलं.

घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंड मोकळं. आजवर माझं लक्ष नेहमी चामड्यावर पडणाऱ्या थापेवर असायचं. आज मी वादकाच्या दुसऱ्या हाताकडे पाहत राहिलो. तो हात मागच्या तोंडावर उघडझाप करत होता. थाप पडली की नाद सुटतो, आणि तो किती वेळ राहील, कुठे मिटेल हे मागचा हात ठरवतो. शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळे ही झांज, यांच्या गर्दीतही प्रत्येक थाप वेगळी कळत होती, कारण पुढची पडायच्या आत आधीची आवरलेली होती.

मी आजवर प्रत्येक बेसची पारख सूर कसा सुरू होतो यावरून केली. किती टोकदार, किती भरदार, किती खोल. बँडला लागतं ते वेगळंच. ड्रमरचा किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, पडतो तिथे सूर यावा आणि स्नेअरचा, म्हणजे काठीने वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, ठोका पडायच्या आत तो निघून जावा. घुमणाऱ्या हॉलमध्ये तर हे दुपटीने खरं. लांबणारा सूर भिंती आणखी लांबवतात.

तालमीनंतर घुमटवाल्या काकांशी बोललो. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला तोही या नव्या कातड्यामुळे वाट मोकळी झाल्यावर. काका म्हणाले, "बाबा रे, नाद बदलला तेव्हा हातही बदलावा लागला. किती भांडी आणली, किती परत केली." त्यांच्या घरी माळ्यावर अजून घुमटं रचून ठेवली आहेत. माझ्या बदलाबदलीला यापेक्षा चांगली सोबत मिळाली नसती.

रविवार

घरी उरलेल्या त्या पहिल्या जुन्या बेसवर फ्लॅटवाउंड तारा चढवल्या. त्यांचं वरचं वेष्टन सपाट असतं, त्यामुळे झणझणाट कमी आणि सूर लवकर निवतो. ब्रिजपाशी, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, तारांखाली फोमचा तुकडा सरकवला. नवीन काही नाही यात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारा जेम्स जेमर्सन असाच वाजवायचा: १९६२ चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा, त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, आणि उजव्या हाताचं एकच बोट. पण मला ते घुमटाच्या वाटेने कळलं, म्हणून ते माझं वाटतं.

संध्याकाळी ड्रमरला बोलावून दोघांनीच वाजवलं. थोड्या वेळाने तो थांबला आणि म्हणाला, "आज तू माझ्या किकवर बसतोयस. काय केलंस?" फोम दाखवला. त्याने तो काढून पुन्हा वाजवायला सांगितलं, मग स्वतःच परत सरकवला.

नेक अजूनही रुंद आहे आणि रिसेप्शन लांबलं की पहिल्या फ्रेटपाशी हात भरून येतो. त्यामुळे शोध संपलेला नाही, पण आता काय बघायचं ते माहीत आहे. मडगावला एकाकडे ३० इंची शॉर्ट स्केलचा बेस आहे. लांबी कमी म्हणजे फ्रेट जवळजवळ, आणि त्याच सुराला तार कमी ताणलेली, सूर गोल आणि आखूड. पुढच्या आठवड्यात ड्रमरला घेऊनच जाणार आहे. फ्लॅटवाउंडचा एक संच आणि फोम सोबत नेईन, मालकाची परवानगी घेऊन तिथेच चढवीन. बाबाही येतो म्हणालेत.