कोथळीगड, भर पावसात

आज पहाटेची कर्जत लोकल पकडली, तिथून आंबिवली आणि मग चालत पेठ. धुकं इतकं दाट की कोथळीगडाचा सुळका दुपारपर्यंत दिसलाच नाही. खाचरांत भात लावणी चालू होती. इरलं घेतलेल्या एका मावशींनी वाकल्या वाकल्याच हाक मारली, "वरनं पाणी येतंय, जपून जा गं!"

भैरोबाच्या गुहेत ओले कपडे पिळून बसलो. आत कोरीव खांब आणि जमीन अगदी सपाट. संभाजीराजांच्या काळात या गडावर शस्त्रांचा साठा असायचा. मग तो जिना! अखंड कातळ आतून पोखरून सुळक्याच्या पोटातून वर नेलेल्या पायऱ्या. अंधारात ओल्या दगडावर हात टेकवत चढताना ज्यांनी छिन्नीने हे खोदलं त्यांचाच विचार मनात होता. त्यांची नावं कुठेच नाहीत.

माथ्यावर दोन मिनिटं ढग फाटले आणि खाली हिरवं खोरं उघडं पडलं. कुणीच बोललं नाही.

उतरताना पेठमध्ये पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. वाटेवरच्या ओढ्यात वेफर्सची पाकिटं अडकली होती, ती पिशवीभर गोळा करून खाली आणली. हेच पाणी पुढे त्या मावशींच्या खाचरात जातं हो.