फायरवॉलच्या पलीकडे

आज दिवसभर प्रोजेक्ट कारच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून होतो. इंजिनाकडची सगळी वायरिंग फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, आत घ्यायची होती. मागे ब्रेकचा पाइप नाही ना, हे बघून भोक पाडलं. ते ५ मिनिटांचं काम. खरा वेळ गेला तो त्याच्या कडेवर. ताज्या कापलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं की कळतं, इंजिनाच्या थरथरीत ही धार वायरचं इन्शुलेशन किती सहज कापेल. आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं की शॉर्ट! म्हणून कानशीने कड गुळगुळीत केली, उघड्या पत्र्याला प्रायमर लावला, मगच रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी रबरी कडी. ग्रोमेट बसता बसेना, शेवटी साबणाच्या पाण्याने सरकला.

भोकात शिरण्याआधी वायरींना खाली झोल दिलाय, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, केबिनमध्ये येणार नाही. मुख्य फ्यूज मात्र बॅटरीच्या शेजारीच. तो आत बसवला असता तर बॅटरीपासून फायरवॉलपर्यंतच्या वायरला संरक्षणच उरलं नसतं.

संध्याकाळी हेडलाइट लावून मल्टीमीटर टेकवला. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, दिव्याच्या कनेक्टरवर १२.२. म्हणजे वायरिंगमध्ये फक्त ०.३ व्होल्ट गेले. जीव भांड्यात पडला. उद्या वायपरच्या वायरी.