ते काळं स्टिकर मी काढलं

न्यू जर्सीत शिकत होतो तेव्हा शनिवार-रविवारी जुन्या एलपी विकणाऱ्या एका दुकानात काम करायचो. लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, की २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सीत रस्त्यावरच्या बाजारात एकाला ७५ सेंटला एक ॲसिटेट, म्हणजे रेकॉर्डिंग तपासायला काढतात ती तबकडी, मिळाली, ती 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या अमेरिकी रॉक बँडच्या 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको' या अल्बमचं एप्रिल १९६६ मधलं आधीचं रूप निघाली आणि २००६ मध्ये २५,२०० डॉलरला गेली, तेव्हा हातात काही आलं की आधी सगळं नीट बघायचं, लिहून काढायचं, मगच हात लावायचा.

आणि मी नेमकं तेच केलं नाही.

त्या शनिवारी सत्तरीच्या एक बाई वारलेल्या भावाच्या एलपींचा खोका ठेवून गेल्या. विकल्या गेल्या की पैसे वाटून घ्यायचे अशी बोली होती, म्हणजे तोपर्यंत माल त्यांचाच. खोक्यात तोच अल्बम, १९६७ चा, व्हर्व्ह कंपनीचा, मोनो (स्टिरिओ नव्हे). कव्हरवर चित्रकार अँडी वॉरहॉलचं केळं. हे केळं म्हणजे खरंच स्टिकर असतं, शेजारी बारीक अक्षरात 'हळू सोला आणि बघा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ, सोललं की खाली गुलाबी केळं. बहुतेकांनी ते सोललेलंच असतं, कुणाला राहवणार! इथे ते अख्खं होतं, कडासुद्धा उचललेल्या नाहीत. मी इतका हरखलो की मागची बाजू नीट बघितलीच नाही.

मागे बँडच्या फोटोवर एक मोठं काळं स्टिकर होतं, एक कोपरा सुटलेला. मला वाटलं कुठल्यातरी दुकानानं लावलं असेल, किमतीची जुनी लेबलं आम्ही हेअर ड्रायरनं गरम करून काढतो तसंच हेही काढायला घेतलं, अर्धं छान सुटलं आणि मग टर्रकन कागदासकट आलं. खाली बँडच्या मागे एका माणसाचं उलटं धड. तेही अर्धंच.

मालक जेवून आले, बघितलं आणि स्टुलावर बसले. ते धड एरिक इमर्सनचं, वॉरहॉलच्या गोतावळ्यातला माणूस. त्यानं न विचारता फोटो वापरला म्हणून पैसे मागितले, मग कंपनीनं माल परत घेऊन त्याच्यावर काळी स्टिकरं चिकटवली आणि पुढच्या कव्हरांवर तर तो पुसूनच टाकला. त्यामुळे स्टिकरवालं कव्हर जमवणारे वेगळं शोधतात, धड दिसणारं वेगळं. माझ्या हातातलं आता धड हेही नव्हतं आणि तेही नव्हतं. मालक ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, फोन तू करायचास.

केला. जे झालं ते सगळं सांगितलं. बाई तासाभरात आल्या, मी माफी मागत होतो आणि त्या चष्मा वर करून त्या अर्ध्या माणसाकडे बघत बसल्या. म्हणाल्या, भावानं घेतली तेव्हाच हे काळं स्टिकर होतं, खाली काय असेल यावर आम्ही जेवताना वाद घालायचो, पण तो ना केळ्याला हात लावू द्यायचा ना याला. बँडमधल्या जॉन केलचा तो करवतीसारखा चिरत जाणारा व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) लागला की आई दार आपटायची म्हणे.

मग एक बाजू लावायला सांगितली. सुरुवातीचा तो सेलेस्टाचा, म्हणजे घंट्यांसारख्या किणकिणणाऱ्या पेटीवजा वाद्याचा, नाजूक आवाज दुकानात घुमला, व्हायोला येईपर्यंत त्या उभ्याच होत्या. बाकीचा खोका ठेवला, ही मात्र विकायची नाही म्हणाल्या. पैसे घ्यायला तयार झाल्या नाहीत.

निघताना स्टिकरचा फाटलेला तुकडाही मागितला. मी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कव्हरच्या आत सरकवून दिला.