आमची वाटचाल : आधी बारगीर, मग शिलेदार

इंदुरात आमच्या घराण्याचा घोड्यांशी संबंध तीन पिढ्यांचा आहे. आजोबांचा टांगा जुन्या इंदुरातून रेल्वे स्टेशनापर्यंत चालत असे. वडिलांनी तो मोडला आणि १९८६ साली वरातीसाठी घोड्या देण्याचे काम सुरू केले, कारण आमच्याकडे नवरदेवाला घोडीच लागते, घोडा चालत नाही. पुढे वरातीच्या तयार घोड्यांच्या किमती इतक्या चढल्या की त्या बाजारातून घेण्यापेक्षा आपल्याच पागेत निपजवाव्यात, असे मला वाटू लागले आणि २०१२ मध्ये आम्ही पैदाशीच्या कामात उतरलो. तेव्हापासून आमच्या वहीतील बहुतेक चुका एकाच प्रश्नाच्या अवतीभवती झालेल्या आहेत, तो म्हणजे पैदाशीची घोडी विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने आणावी.

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नसावा. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा आणि पगारही अधिक, पण घोडा मेला तर नुकसान त्याचेच. बारगिराच्या डोक्याला तो घोर नसे. होळकरांच्या शहरात राहून आणि हे शब्द लहानपणापासून ऐकूनही, त्यांत दडलेला हिशेब समजायला मला बरीच वर्षे आणि बराच पैसा लागला.

पहिल्याच वर्षी आम्ही शिलेदार झालो. दोन मारवाडी घोड्या घेतल्या, एक १,८०,००० रुपयांना आणि दुसरी १,४०,००० ला. घेताना पाय पाहिले, दात पाहून वय ताडले, चाल पाहिली, कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात की नाही हेही कौतुकाने पाहिले. गर्भाशय मात्र तपासून घेतले नाही. थोरली घोडी सुमारे बारा वर्षांची होती आणि विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तिने चार शिंगरे दिली होती. शेवटचे शिंगरू किती वर्षांपूर्वी झाले, हे आम्ही विचारले नाही आणि त्यानेही आपणहून सांगितले नाही. ती दर एकवीस दिवसांनी नियमाने माजावर येई, पाच-सहा दिवस माज टिके, आम्ही भरवत असू, म्हणजे नर लावत असू, आणि ती गाभण न राहता पुन्हा उलटत असे. दोन हंगाम असे गेल्यावर पशुवैद्यांनी सोनोग्राफी करून गर्भाशयात पाणी साठत असल्याचे दाखवले. उपचारांनंतर तिसरा हंगामही रिकामाच गेला. त्या काळी एका घोडीचा खर्च महिन्याला सात हजारांच्या आसपास येई, म्हणजे तीन वर्षांत २,५२,००० रुपये नुसत्या दाणा-वैरणीत, नालबंदीत आणि मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकराच्या, पगारात गेले. ही रक्कम तिच्या खरेदीपेक्षा मोठी होती. लग्नसराईत ती वरातीला जाई, म्हणून सगळेच पाण्यात गेले असे म्हणता येत नाही. पण आम्ही तिला ज्यासाठी आणले होते, त्या कामाची बाजू वहीत कोरीच राहिली. धाकटीने मात्र त्याच तीन वर्षांत दोन शिंगरे दिली आणि तिच्यावरच आमचा उत्साह टिकला.

या अनुभवाने पोळल्यामुळे तिसरी घोडी आम्ही भाड्याने आणायची ठरवली. गावाकडे शेळी किंवा गाय अर्धलीने, म्हणजे होणारी पिल्ले निम्मी-निम्मी वाटून घेण्याच्या बोलीवर, देण्याची पद्धत सर्वांना माहीत असते आणि घोडीचा भाडेपट्टा त्याचेच पैशांत मांडलेले रूप आहे, असे समजून मी १ डिसेंबर २०१४ रोजी वर्षभराच्या करारावर सही केली. घोडी राजस्थानातून आली, सोबत ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा अहवाल होता (हा रोग माणसालाही होतो आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे अहवालाशिवाय बाहेरची घोडी पागेत घेऊच नये), भाडेही वाजवी होते. गफलत निघाली पंचांगात. घोडी हा दिवस मोठा होऊ लागल्यावर माजावर येणारा प्राणी आहे. कडाक्याच्या थंडीत बहुतेक घोड्यांचा माज मंदावतो. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा बराचसा भाग आम्ही तिला नुसती पोसली. एप्रिलमध्ये ती गाभण राहिली. घोडीचा गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा, म्हणजे ३४० दिवसांच्या आसपास असतो. करार संपत होता ३० नोव्हेंबरला आणि शिंगरू अपेक्षित होते पुढच्या मार्चमध्ये. गाभण घोडी परत दिली तर पोटातले शिंगरू कोणाचे, याविषयी करारात एक ओळ नव्हती. मालकाने पुन्हा पूर्ण वर्षाचे भाडे मागितले आणि आम्ही ते दिले. वरातीमागून घोडे नेण्याचा प्रकार आमच्या धंद्यात एरवी विनोदाने सांगितला जातो. त्या वर्षी आम्ही तो स्वतः केला.

त्या घोडीची प्रसूतीही मला तपशिलात आठवते. आचळांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले, त्याच्या दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ती व्याली. शिंगरू पाऊण तासात उभे राहिले आणि दीड तासाच्या आत चीक प्याले, त्यामुळे आम्ही सगळे निश्चिंत झालो. पण वार, म्हणजे गर्भाचे आवरण, पडली नाही. घोडीची वार तीन तासांत पडायला हवी. गाई-म्हशींच्या सवयीने वाट पाहत बसलो तर घोडी हातची जाऊ शकते, हे आमच्या म्हाताऱ्या मोतद्दाराला ठाऊक होते. तिच्या पायांखाली येऊ नये म्हणून त्याने लोंबणारी वार गाठ मारून वर बांधली आणि मला डॉक्टरांकडे पिटाळले. सकाळी वार निघाल्यावर डॉक्टरांनी ती धुऊन फरशीवर पसरली. पाटलोणीसारखे तिचे दोन फाटे दिसत होते. त्यांतील एका फाट्याचे टोक फाटलेले होते, म्हणजे हाताच्या पंजाएवढा तुकडा आत राहिला होता. तो काढून, गर्भाशय धुऊन, प्रतिजैविके देऊनही चौथ्या दिवशी तिचे पुढचे खूर गरम लागू लागले, म्हणजे खुरांच्या आत सूज आली होती. ती वाचली, पण पुढे कित्येक महिने जपून पाय टाकत होती. औषधोपचारांचे १८,००० रुपये आम्ही दिलेच होते. शिवाय जनावराची किंमत उतरली म्हणून मालकाने भरपाई मागितली. करारात आजारपणाच्या खर्चाविषयीही मौन होते. शेवटी मागितलेल्या रकमेच्या निम्म्यावर तोड झाली. मालकाची मागणी अन्यायाची होती असे आज मला वाटत नाही.

यानंतर मी पहिल्यांदा दोन्ही मार्गांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला. आमच्या पागेतील अलीकडच्या भावांनी तो असा येतो. एका शिंगरासाठी भाड्याने आणलेली घोडी फेब्रुवारीत येते, पुढच्या मार्चमध्ये विते आणि शिंगरू सहा महिन्यांचे होऊन दूध सुटल्यावर सप्टेंबरात परत जाते, म्हणजे वीस महिने ती आपल्या दावणीला असते. महिना १३,००० रुपयांप्रमाणे तिच्या पोषणाचे २,६०,००० होतात. भाडे ७५,०००, नराची फी ४०,०००, तपासण्या आणि औषधे ३५,०००, विमा ३०,००० आणि येण्याजाण्याचा वाहतूक खर्च २४,००० धरला तर एक शिंगरू ४,६४,००० रुपयांना पडते. ज्या भाड्यावरून आपण तासन्‌तास घासाघीस करतो, ते या रकमेच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी आहे.

आता विकतची घोडी घेऊ. सात वर्षांची, सिद्ध झालेली घोडी ४,५०,००० ला घेतली, ती आठ वर्षे पैदाशीत ठेवली आणि शेवटी तिचे लाखभर रुपये आले, असे धरले तर साडेतीन लाख रुपये शिंगरांवर वाटायचे आहेत. पाच शिंगरे मिळाली तर प्रत्येकाच्या वाट्याला ७०,००० येतात, म्हणजे भाड्याइतकेच. तीनच मिळाली तर १,१६,००० च्या वर जातात. पण खरा फटका या आकड्यात नसून पोषणात आहे. आठ वर्षांचे पोषण १२,४८,००० रुपये होते. ते पाच शिंगरांवर वाटले तर प्रत्येकी अडीच लाखांच्या आत राहते आणि तिघांवर वाटले तर चार लाखांच्या पुढे जाते. रिकाम्या गेलेल्या एका वर्षाची किंमत १,५६,००० रुपये, म्हणजे भाड्याच्या दुपटीहून अधिक आहे. तेव्हा घोडी स्वस्तात मिळाली की महाग, यापेक्षा तिची किती वर्षे भाकड जातील यावरच दोन्ही मार्गांचा निकाल लागतो आणि वय पंधराच्या पुढे गेल्यावर ती शक्यता वाढतच जाते.

याच मांडणीतून दुसरी गोष्ट हाती लागली. घोडी व्याल्यानंतर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते; तो पहिला माज आम्ही सहसा सोडून देतो आणि महिन्याभराने येणाऱ्या पुढच्या माजाला भरवतो. म्हणजे पहिले शिंगरू पीत असतानाच दुसरे पोटात वाढू लागते. दोन शिंगरांचा करार केला तर घोडी चाळीसऐवजी बत्तीस महिने राहते आणि पोषणाचा वाटा दर शिंगरामागे २,६०,००० वरून २,०८,००० वर येतो. वाहतूक आणि आगमनाच्या वेळच्या तपासण्याही एकदाच होतात. मालकालाही दोन वर्षे पोषणाची चिंता नसते. त्यामुळे एका शिंगराचे करार आम्ही जवळपास बंद केले आहेत.

२०१७ च्या फेब्रुवारीत आणलेली घोडी अशा पहिल्या कराराची. या वेळी सहीआधी मालकाच्याच गोठ्यात तिची सोनोग्राफी करवली आणि गर्भाशयाचा नमुना तपासून घेतला. मुदत महिन्यांत न लिहिता दुसरे शिंगरू सहा महिन्यांचे होईपर्यंत अशी लिहिली. घोडी दगावल्यास विम्याची रक्कम मालकाची, शिंगरू दगावल्यास नुकसान आमचे, ठरावीक रकमेपर्यंतचे औषधपाणी आमचे आणि त्यापुढचे निम्मे-निम्मे, असे लिहिले. शिंगरांच्या नोंदणीच्या कागदांवर पैदासकार म्हणून आमचे नाव लागेल हेही लिहून घेतले, कारण कागदावर नाव मालकाचे राहिले तर विकताना शिंगराची ओळख आपल्या पागेची राहत नाही. भरवल्यानंतर पंधराव्या दिवशीची सोनोग्राफी आम्ही कधीच चुकवत नाही. त्या वेळी पडद्यावर दोन काळे गोल दिसले आणि डॉक्टरांनी त्यांतील एक तिथेच दाबून नष्ट केला. घोडीला जुळी पेलत नाहीत, बहुतेक वेळा दोन्ही जातात. त्या दिवसाच्या बाराशे रुपयांनी एक पूर्ण वर्ष वाचले.

तिने २०१८ आणि २०१९ च्या मार्चमध्ये एकेक शिंगरू दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये परत पाठवण्याची वेळ आली तेव्हा करारातील खरेदीच्या कलमाप्रमाणे, भरलेल्या भाड्यातील काही रक्कम किमतीतून वजा करून आम्ही ती विकत घेतली. बाजारभावापेक्षा ती स्वस्त पडली नाही. पण तिची पाळी, तिची प्रसूती, तिचे दूध आणि शिंगरांचा स्वभाव हे सगळे आम्हाला अडीच वर्षांच्या अनुभवाने माहीत होते आणि २०१२ मध्ये आम्ही नेमके हेच न पाहता पैसे मोजले होते. आमच्या हिशेबनिसांनी एक गोष्ट तेव्हा लक्षात आणून दिली, ती बहुतेकांना ठाऊक नसते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात यंत्रसामग्रीच्या व्याख्येतून पशुधन वगळलेले आहे, त्यामुळे घोडीच्या किमतीवर दरवर्षी घसारा मिळत नव्हता. धंद्यात वापरलेले जनावर मेले किंवा कायमचे निकामी झाले, तरच त्याच्या किमतीची वजावट मिळे. भाडे मात्र ज्या वर्षी दिले त्याच वर्षीच्या खर्चात जाते.

मालकीचा जाच सहा महिन्यांतच अनुभवाला आला. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि चैत्र-वैशाखाची लग्नसराई पूर्ण बुडाली. वराती थांबल्या, घोड्यांची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, थांबवता येत नव्हती. त्या वेळी आमच्याकडे भाड्याची एक घोडी होती; तिच्या मालकाने फोनवर दोन वाक्यांत मान्यता देऊन तिला परत नेले. स्वतःच्या घोड्या कोणाकडे पाठवणार? हरभऱ्याची चंदी कमी करून लसूणघासावर भर दिला, दोन तयार शिंगरे पडत्या भावात विकली आणि ते वर्ष कसेबसे काढले.

आज पैदाशीच्या चार घोड्या आहेत, दोन स्वतःच्या आणि दोन भाड्याच्या. हे प्रमाण आम्ही जाणीवपूर्वक ठेवले आहे आणि स्वतःची घोडी म्हणून तीच घेतो, जी आधी आमच्या पागेत निदान एकदा व्यालेली आहे. २०१९ मध्ये जन्मलेले शिंगरू मादी होते. ती आता स्वतः पैदाशीत आली आहे आणि तिच्यासाठी खरेदीच्या रकान्यात काहीच लिहावे लागलेले नाही. भाड्याच्या घोडीची मादी शिंगरे ठेवून घेण्याचा हक्क करारात असतो, म्हणूनच भाड्यात आम्ही फार ताणत नाही.

येत्या फेब्रुवारीसाठी एका नव्या घोडीची बोलणी सुरू आहे. मालकाला भाडे दरमहा हवे आहे. आम्ही त्यांना कळवले आहे की तिसरा हिस्सा सहीच्या दिवशी, तिसरा पंचेचाळिसाव्या दिवशीच्या सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसल्यावर आणि उरलेला शिंगरू उभे राहून चीक प्यायल्यावर देऊ. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.