गेटपाशी थांबलेली घोडी

पुण्याच्या रेसकोर्सवर मी नालबंदाचं काम करतो. रेसच्या दिवशी आमच्यातला एक जण हत्यारं घेऊन स्टार्टपाशी उभा असतो. त्या दिवशी माझी पाळी होती. पावसाळी सीझन, रात्रभर कोसळलेला, ट्रॅक जड.

घोडे कँटर करत, म्हणजे हलक्या दौडीत, गेटकडे आले. त्यांतला एक शिकाऊ जॉकी, नवखा म्हणून घोड्यावरच्या वजनात अजून सूट घेणारा, घोडी गेटमध्ये न घालता थेट स्टार्टरकडे, म्हणजे रेस सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडे आला. "साहेब, पुढचा उजवा दाखवायचाय." घोड्यांच्या डॉक्टरांनी घोडी चालवून, दुडकी पळवून पाहिली. लंगडत नव्हती. बाकीचे घोडे ताटकळलेले, वर हजारो लोकांचे पैसे लागलेले. अशा वेळी सीनियर जॉकीसुद्धा "चालेल" म्हणून आत शिरतात. हा पोरगा हलला नाही.

मी पाय उचलून मांडीत घेतला, चिखल पुसला. नाल टाचेकडे सूतभर बाहेर सरकलेली, बाहेरच्या बाजूचा एक खिळा उठलेला. रेसची अॅल्युमिनियमची नाल पातळ असते, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात ती फिरली आणि खिळा तळव्यात घुसला, तर घोडी पडते, आणि मागचे घोडे जॉकीच्या अंगावरून जातात.

जुनी काढली, कानस फिरवली, नवी बसवली. खिळा ठोकताना मी कान देऊन असतो. टणक खुरात आवाज खणखणीत येतो. बद्द आला की खिळा जिवंत भागाकडे वळलाय, लगेच उपसायचा. तेवढा वेळ पोरगा घोडीच्या तोंडाशी उभा राहून तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. तिने पाय एकदाही ओढला नाही, आणि घाईत नाल ठोकणाऱ्याला याची किंमत कळते.

घोडी तिसरी आली. त्याला पुढच्या रेसमध्ये दुसरा घोडा होता, त्यामुळे खोगीर घेऊन तो जॉकींचं वजन होतं त्या काट्याकडे पळाला. संध्याकाळी गाठ पडली तेव्हा विचारलं, "डॉक्टरांना दिसलं नाही, तुला कसं कळलं रे?"

"मामा, उजवा टाकताना ती कचरत होती. मान जराशी वर घ्यायची, ते लगामातून हाताला लागायचं. सकाळच्या कामाला मीच असतो तिच्यावर, तेव्हा असं नव्हतं." मग म्हणाला, "कुठला खिळा होता? दाखवा ना."

खिशातली जुनी नाल काढून त्याला दाखवली.